पी २०३३ : एक्झॉस्ट तापमान सेन्सरच्या सर्किटचा शोध

७ डिसेंबर २०२४, शनिवार, रात्र

गाडी दादाची, म्हणजे माझ्या मावसभावाची. १.५ लिटर डिझेल, बीएस-६, २०२१ ची. कोल्हापूर ते रत्नागिरी अशी तिची सततची ये-जा. तक्रार पावसाळा संपता संपता सुरू झाली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप जातो, पुन्हा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅन करून डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या गाळणीच्या, तोंडाशी असलेला तापमान सेन्सर बदलला. थोडे दिवस बरे गेले आणि परत येताना आंबा घाटाच्या चढाला दिवा पुन्हा हजर. त्यावर आता इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, बदलायचा सल्ला मिळाला आहे.

"सेन्सर बदलून झाला की रं, मग आता आणि काय बदलायचं?" दादाचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला म्हटलं, "दादा, गाडी माझ्याकडं ठेव. मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही."

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागाला आहे. रस तापवायच्या हीटरवर आमच्याकडे प्लॅटिनमचे आरटीडी, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारे सेन्सर असतात, ते तपासणं हे रोजचं काम. गाडीतला हा सेन्सर त्याच कुळातला निघण्याची शक्यता मोठी आहे. गळीत हंगाम चालू असल्यामुळे वेळ मिळेल तो रविवारीच.

आज फक्त स्कॅनर लावला. कोड एकच : पी २०३३. अर्थ असा की बँक १ (सिलिंडरांची पहिली ओळ), सेन्सर २, सर्किट हाय. हे 'हाय' व्होल्टेजचं आहे, धुराच्या तापमानाचं नव्हे. ईसीयूला त्या वायरीवर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज दिसलं, एवढंच हा कोड सांगतो. सेन्सर खराब आहे असं तो कुठेच म्हणत नाही. सेन्सर, त्याची शेपटी (त्याला जोडूनच येणारी वायर), कपलरच्या पिना, हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) दोन वायरी, ईसीयूचा कपलर आणि आतला भाग, हे सगळं मिळून ते सर्किट होतं. बदलला गेला तो त्यातला एक तुकडा.

कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीयूने जपून ठेवली आहे : वेग ३४, इंजिन २४०० आरपीएम, लोड ८६ टक्के, कूलंट ९१ अंश. म्हणजे सेकंड गिअर, चढ, पाय खाली दाबलेला. ही ओळ कागदावर उतरवून घेतली, कारण कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून कोड अजून पुसलेला नाही. डीपीएफमधली काजळी स्कॅनर ७८ टक्के दाखवतो. ही चांगली गोष्ट नाही.

८ डिसेंबर, रविवार, सकाळ

रात्रभर गाडी अंगणात उभी होती. इंजिन चालू न करता फक्त की ऑन केली आणि सगळी तापमानं वाचली. कूलंट १८, आत येणारी हवा १८, एक्झॉस्ट सेन्सर १ (टर्बोच्या आधीचा) १९, सेन्सर २ (डीपीएफच्या आधीचा) १८.

या एका वाचनावर माझा फार भरवसा आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत सगळ्या सेन्सरांनी एकच तापमान सांगितलं पाहिजे, दोन-चार अंशांचा फरक चालतो. त्यांतला एखादा चाळीस किंवा शंभर म्हणाला तर बिघाड कायमचा आहे आणि तो तिथेच मीटरने पकडता येतो. इथे चौघांचं एकमत आहे. याचा अर्थ या क्षणी सर्किट धडधाकट आहे आणि बिघाड येऊन-जाऊन आहे. त्यामुळे आजचं काम दोनच गोष्टींचं : निरोगी सर्किट कसं दिसतं ते आकड्यांत पकडणं आणि ईसीयू निर्दोष आहे का ते ठरवणं.

जे हा बिघाड शोधायला बसतील त्यांनी आधी सेन्सरची जात ओळखावी. दोन वायरींचे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. एक प्लॅटिनमचा, पीटी २०० : शून्य अंशाला २०० ओहम आणि तापमान चढेल तसा रोध वाढतो. दुसरा एनटीसी थर्मिस्टर : थंड असताना रोध प्रचंड, कित्येक किलोओहमच्या घरात, आणि तापला की उतरत जातो. दोन्हींत वायर तुटली तर ईसीयूला व्होल्टेज 'हाय'च दिसतं, पण पीटी २०० मध्ये ते भट्टीसारखं गरम वाचलं जातं आणि एनटीसीमध्ये बर्फासारखं थंड. वायरीत फुकटचा रोध शिरला तर पीटी २०० गरमीकडे खोटं बोलतो, एनटीसी थंडीकडे. ओल शिरून दोन वायरींमध्ये गळती झाली तर बरोबर उलट. ही जात न पाहता मीटर लावला तर आकडा मिळतो, पण त्याचा अर्थ लागत नाही.

सेन्सर २ चा कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूने रोध घेतला : २१४ ओहम, १८ अंशाला. प्लॅटिनमच्या सूत्रातून २१३.७ येतो. जात ठरली, पीटी २००. पिना आणि सेन्सरचं धातूचं अंग यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे आत गळती नाही.

८ डिसेंबर, दुपार

ईसीयूची परीक्षा. सेन्सर काढलेला, की ऑन, हार्नेसच्या बाजूच्या कपलरमध्ये दोन पिनांमध्ये ५.०० व्होल्ट. आत एक पुल-अप रोधक असतो. सेन्सर आणि तो मिळून व्होल्टेज वाटून घेतात आणि मधल्या बिंदूवरून ईसीयू तापमान काढतो. तो पुल-अप किती ते शोधायला सेन्सरच्या जागी २२० ओहमचा एक टक्केवाला रोधक लावला. व्होल्टेज आलं ०.९०. हिशेब केला तर पुल-अप १ किलोओहम निघतो.

मग खरी गंमत. सेन्सरच्या जागी वेगवेगळे साधे रोधक लावत गेलो आणि स्कॅनरवर तापमान बघत गेलो. २२० ओहमला सूत्राप्रमाणे २६ अंश यायला हवेत, २६ आले. ४७० ओहमला १.६० व्होल्ट, ३७४ अंश अपेक्षित, ३७३ आले. ६८० ओहमला २.०२ व्होल्ट, अपेक्षित ७०२, आले ७०१. हे तीन रोधक कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतात आणि त्यांच्या जोरावर थंड गाडीत, एक थेंब डिझेल न जाळता, ७०० अंशांपर्यंतचा पल्ला तपासून होतो. ईसीयू बदलायचा सल्ला इथेच संपला. पाच व्होल्ट देणारा, पुल-अपवाला, मोजून बरोबर तापमान सांगणारा ईसीयू खराब म्हणता येत नाही.

या वायरीवर टेस्ट लॅम्प लावू नये. बल्बचा प्रवाह या नाजूक पाच व्होल्टच्या सर्किटला झेपणारा नाही. चांगला डिजिटल मीटरच वापरावा. आणि मोजताना काळी पिन गाडीच्या बॉडीला न लावता सेन्सरच्याच परतीच्या वायरीला लावावी. ती वायर ईसीयूत जाते, बॉडीला नाही, आणि बॉडीला धरून मोजलं तर परतीच्या वायरीतला दोष नजरेतून सुटतो.

कपलरच्या पिनांची पकडही बघितली. त्याच मापाची एक सुटी नर पिन एकेका मादी पिनेत सरकवून ओढली. दोन्हीकडे सारखा, घट्ट अडकाव. हिरवट गंज नाही, पाणी नाही, रबरी सील जागेवर.

शेवटी इंजिन चालू ठेवून हाताला येईल तेवढं वायरिंग हलवून पाहिलं. सेन्सर २ चं वाचन सावकाश चढत राहिलं. एकदाही उडी नाही.

८ डिसेंबर, संध्याकाळ

दादाने गॅरेजमधून जुना सेन्सर मागून घेतला होता. बदललेला भाग परत मागून घ्यायची त्याची सवय मला आवडते.

मावशीच्या स्वयंपाकघरात त्याची परीक्षा झाली. फ्रीजमधला बर्फ चुरून, पाणी घालून, त्यात नुसतं टोक बुडवलं : २०० ओहम. नंतर उकळत्या पाण्यात : २७४ ओहम. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि ९८ अंशांना सूत्र २७४ च सांगतं. "एवढं लोखंड माझ्या पातेल्यात घालायच्या आधी विचारायचं तरी होतंस," मावशी म्हणाली. तिला पातेलं घासून परत दिलं.

जुना सेन्सर पूर्ण निरोगी आहे. दादाचे काही हजार रुपये विनाकारण गेले याचं वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटणं टाळता येण्यासारखं होतं. पातेलं, बर्फ आणि मीटर यांनी उत्तर दिलं असतं.

११ डिसेंबर, बुधवार

कारखान्यातून आल्यावर थोडा विचार कागदावर.

सेन्सर ठीक, ईसीयू ठीक. उरतात मधल्या दोन वायरी आणि त्यांचे जोड. सेन्सर १ आणि सेन्सर २ यांची परतीची वायर हार्नेसमध्ये एका जोडाला एकत्र येते. त्या जोडापलीकडे ईसीयूकडे जाणारा सामाईक भाग तुटत असता तर दोन्ही सेन्सर एकदम बोंबलले असते. सेन्सर १ चा एकही कोड नाही. म्हणून दोष सेन्सर २ च्या स्वतःच्या सिग्नल वायरीत किंवा जोडाच्या अलीकडच्या तिच्या छोट्या फांदीत.

आणि केव्हा? कोडची नोंद चढ, कमी गिअर, भरपूर लोड सांगते. या अवस्थेत दोन गोष्टी एकदम घडतात. एक्झॉस्ट तापतो, आणि इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर कलतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाडीत पुढे जाताना जोर लावला की इंजिनाचा वरचा भाग केबिनकडे झुकतो. उष्णतेने वायर सैल होते की हालचालीने ताणली जाते, हे वेगळं करणारी चाचणी हवी. रविवारी पन्हाळा.

हा दोष नुसत्या दिव्यापुरता नाही, हे दादाला आज फोनवर नीट समजावलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हा डिझेल गाडीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. एवढी कमी काजळी बाहेर सोडायची तर ती गाळणीत धरून ठेवावी लागते, आणि गाळणी म्हणजे डीपीएफ. ती भरली की ईसीयू एक्झॉस्टच्या वेळी जास्तीचं डिझेल सोडतो, ते डीपीएफच्या आधीच्या कॅटलिस्टमध्ये जळतं आणि गाळणीच्या तोंडाशी ६०० अंशांच्या आसपास तापमान आणून काजळी जाळली जाते. हे ६०० अंश मोजणारा सेन्सर म्हणजे आपला सेन्सर २. त्याच्यावर विश्वास नसेल तर ईसीयू जाळणं सुरूच करत नाही, किंवा अर्ध्यावर सोडतो, आणि ते बरोबरच आहे. न मोजता ती आग पेटवली तर गाळणीची सिरॅमिक वितळू शकते. पण न जाळता काजळी साठत गेली की गाडी आधी जोर कमी करते आणि पुढे गाळणीच बदलायची पाळी येते. ७८ टक्क्यांचं कारण हेच.

दादा म्हणाला, "म्हणजे दिवा पुसून चालवत राहिलो असतो तर?" डीपीएफची किंमत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळ

शेजारी दादा चालवायला, मी स्कॅनर आणि मीटर घेऊन. सेन्सर २ च्या कपलरमागून दोन बारीक पिना सिग्नल आणि परतीच्या वायरीला टेकवल्या, त्यांच्या वायरी एक्झॉस्टपासून लांब बांधून खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर कमाल-किमान पकडायच्या मोडमध्ये टाकला. स्कॅनरवर मोजून चारच गोष्टी ठेवल्या : आरपीएम, लोड, सेन्सर १, सेन्सर २. पंधरा गोष्टी लावल्या तर स्कॅनर एकेकाकडे फार उशिरा परततो आणि क्षणभराची तुटकी जागा निसटते.

रत्नागिरी रस्त्याने वाघबीळपर्यंत काहीच नाही. सेन्सर २ तीनशेच्या आसपास डुलत राहिला. वाघबीळहून पन्हाळ्याकडे वळलो आणि दादाला सांगितलं, दुसऱ्या गिअरमध्ये ठेव आणि दाब.

पहिल्याच वळणाच्या चढाला सेन्सर २ ने ४१२ वरून थेट ४९८ वर उडी घेतली आणि लगेच परत ४१५. खऱ्या धुराचं तापमान एका क्षणात ८६ अंश चढत नाही, एवढा लोखंडी पाइप आणि सेन्सरचं टोक तापायलाच वेळ लागतो. ८६ अंश म्हणजे रोधाच्या भाषेत सुमारे ५७ ओहम. वायरीत क्षणभर ५७ ओहम शिरले आणि गेले. त्यानंतर आणखी एक वळण, जोर कायम, आणि मीटरवर ५.०० व्होल्ट. पूर्ण तुटलेलं सर्किट. काही सेकंदांनी दिवा लागला. सेन्सर १ या सगळ्यात शांतपणे साडेपाचशेच्या आसपास होता, एक अंशही हलला नाही. बुधवारचा तर्क पक्का झाला.

एवढ्याने उष्णता की हालचाल हे ठरत नाही, म्हणून वर पोहोचल्याबरोबर, सगळं तापलेलं असतानाच, गाडी न्यूट्रलवर उभी केली. ज्या क्षणी पाय काढला त्याच क्षणी व्होल्टेज परत जागेवर. सेन्सर, पाइप, वायरिंग तेवढंच गरम, पण तुटक नाही. मग उतार, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग करत. आता इंजिन उलट्या दिशेने झुकतं. पूर्ण उतारभर एकही उडी नाही.

उष्णता निर्दोष सुटली. इंजिन केबिनकडे झुकलं की तुटतं, पुढे झुकलं की जुळतं. मला या घडीला फार आनंद झाला, कारण जागा अजून दिसलेली नसली तरी दोषाला दिशा मिळाली होती.

१५ डिसेंबर, दुपार

घरी आल्यावर इंजिन बंद, की ऑन, मीटर तसाच लावलेला. व्होल्टेज १.१४, म्हणजे पाइप अजून १२६ अंशांवर. इंजिनाच्या वरच्या टोकाला लाकडी फळी लावून दादाने ते केबिनकडे रेटलं. ५.०० व्होल्ट. सोडलं, १.१४. पुन्हा रेटलं, ५.००. आता बिघाड माझ्या अंगणात, उभ्या गाडीत, हवा तेव्हा आणता येतो.

या गाडीत ईसीयू पुढे बॅटरीशेजारी आहे, बॉडीवर बसवलेला. इंजिनाकडून येणारा हार्नेस तिथे पोहोचण्याआधी बॉडीवरच्या एका पट्टीवर येतो. इंजिन मागे झुकलं की हार्नेसचा हाच भाग ताणला जातो. दादाला रेटायला सांगून मी टॉर्चने पाहत राहिलो. हार्नेस त्या पट्टीला एका केबल टायने करकचून आवळलेला आहे. पट्टीवर हार्नेस धरायच्या मूळ क्लिपचं फक्त भोक शिल्लक, क्लिप नाही. मूळ रचनेत तिथे वायरिंगला इंजिनाबरोबर हलायला सैल वळसा मिळत असणार. टायने तो वळसा खाऊन टाकला. इंजिन प्रत्येक वेळी झुकलं की हार्नेस टायच्या कडेवरच दुमडत होता.

कुणी, कधी हे केलं ते शोधण्यात अर्थ नाही.

हार्नेस उघडायचं काम पुढच्या रविवारी. योग्य वायर आणि जोड हातात नसताना काळी नळी कापायची नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, थोडं थांबून ईसीयूचा कपलर सोडवला. वायर दोन्ही टोकांना मोकळी आहे याची खात्री करून आधी तिचा रोध घेतला : ०.३ ओहम. नुसता हा आकडा पाहिला असता तर वायर उत्तम म्हणून पास झाली असती. मीटर रोध मोजताना इतका कमी प्रवाह सोडतो की वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी तो खूश. म्हणून बाहेरून बॅटरी जोडून त्याच वायरीतून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पेटवला. सेन्सर १ ची सिग्नल वायर याच चाचणीत स्वच्छ उजेड देते, तिच्यावर ०.१ व्होल्टही पडत नाही. सेन्सर २ च्या वायरीवर बल्ब मंद, आणि हार्नेसला बोट लावलं की विझतो. ही चाचणी फक्त दोन्ही टोकं ईसीयू आणि सेन्सरपासून सुटलेली असतानाच करावी, नाहीतर बल्बचा प्रवाह ईसीयूच्या पोटात जाईल.

टाय कापला. काळी नळी आणि कापडी टेप उलगडली. वायरीचं आवरण अखंड, कुठे घासलेलं नाही, उंदराचा दात नाही, रंगही तसाच. वायर दोन्ही हातांत धरून अलगद ओढली. टायच्या खुणेपासून बोटभर अंतरावर आवरण रबरासारखं ताणलं जाऊन बारीक झालं. तिथे आत तांबं नव्हतंच. आवरण चिरून बघितलं तर तारा एका रेषेत तुटलेल्या, टोकं काळपट, फक्त दोन-तीन एकमेकींना कशाबशा टेकलेल्या. चढाला त्या वेगळ्या होत होत्या, सपाटीवर पुन्हा भेटत होत्या.

दुरुस्ती. खराब भाग दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून काढला. त्याच जाडीची, उष्णता सहन करणारी ऑटोमोबाइल वायर मध्ये घातली. जोड क्रिम्पने, म्हणजे धातूच्या नळीत दाबून केले, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). इथे डाख दिला नाही. डाख वायरीच्या तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि हलत्या वायरीत तो पुन्हा डाखाच्या काठालाच मोडतो. घरातल्या रेडिओला डाख उत्तम, इंजिनावर हलणाऱ्या वायरीला चांगला क्रिम्प. दोन जोड एकाच जागी न ठेवता अंतराने ठेवले आणि दोन्ही सरळ, न वाकणाऱ्या भागात आणले. त्याच टायखाली दबलेल्या शेजारच्या वायरीही एकेक करून ओढून पाहिल्या, सगळ्या शाबूत.

सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीला हात लावलेला नाही. तिचं आवरण एक्झॉस्टजवळच्या उष्णतेसाठी वेगळं असतं, तिथे कापून जोड देणं टिकत नाही. दोष त्या भागात निघाला असता तर सेन्सरच बदलावा लागला असता.

पट्टीच्या भोकात मूळ मापाची क्लिप बसवली, हार्नेसला वळसा दिला. दादाने पुन्हा फळी लावून इंजिन पुढे-मागे रेटलं. दोन्ही टोकांना वायरिंगमध्ये बोट सहज फिरतं. मीटर ०.९० वर स्थिर.

२३ डिसेंबर, सोमवार, पहाट

ड्यूटीला जाण्याआधी. की ऑन : कूलंट १६, हवा १६, सेन्सर १ सतरा, सेन्सर २ सोळा. कोड आत्ता पुसला.

२९ डिसेंबर, रविवार

आधी पन्हाळा, तोच चढ, तोच गिअर, दादाचा पाय तेवढाच खाली. कमाल-किमान नोंद : सेन्सर २ चं सर्वाधिक व्होल्टेज १.७१, म्हणजे ४४८ अंशांच्या आसपास. उडी नाही, दिवा नाही.

मग महामार्ग. कागलच्या पुढे निपाणीकडे, टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली, ताशी ऐंशीच्या आसपास एकसारखा वेग. काजळी ८१ टक्क्यांवर होती. थोड्या अंतराने ईसीयूने स्वतःहून जाळणं सुरू केलं. सेन्सर १ फारसा वाढला नाही, पण सेन्सर २ चढत गेला : ३२०, ४१०, ५२०, आणि मग ६०५ ते ६२० च्या मध्ये येऊन स्थिरावला. कॅटलिस्ट डिझेल जाळतो आहे हे या दोन आकड्यांच्या अंतरातच दिसतं. दादाला सांगितलं, आता टोलनाका आला तरी इंजिन बंद करायचं नाही, हे पूर्ण होऊ दे. त्याने गाडी इतकी नेटाने एकसारखी चालवली की मलाच कौतुक वाटलं. काजळी उतरत उतरत १२ टक्क्यांवर आली आणि तापमान खाली आलं.

घरी आल्यावर इंजिन थंड होऊ दिलं आणि ऑइलची काडी पाहिली. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली. अर्धवट सुटलेल्या प्रत्येक जाळण्यात जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, त्याचा हा हिशेब. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला सांभाळू शकत नाही. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले, कमी राखेचं, डीपीएफसाठी सांगितलेलंच ऑइल. दोष दुरुस्त करून हे तसंच सोडलं असतं तर काम अर्धंच राहिलं असतं.

१९ जानेवारी २०२५, रविवार

दादा रत्नागिरीच्या फेऱ्या करून आला. आंबा घाट अनेकदा चढला, दिवा लागला नाही. स्कॅनर लावला : साठलेला कोड नाही, प्रलंबित कोडही नाही, काजळी ३४ टक्के, ऑइलची पातळी खुणेवर.

आज इंजिनाखालचा, त्याचं झुकणं आवरणाऱ्या टॉर्क रॉडचा बुश बघितला. रबराला दोन ठिकाणी भेगा आहेत. इंजिन जेवढं झुकायला हवं त्याहून थोडं जास्त झुकत होतं, आणि त्या टायवर पडणारा ताण याने वाढलाच असणार. नवा बुश मागवला आहे. तो बसला की इंजिन पुन्हा रेटून वळशात किती जागा राहते ते मोजायचं, आणि सेन्सर १ च्या फांदीलाही त्याच पट्टीवर स्वतंत्र क्लिप द्यायची. जुना सेन्सर तपासलेल्या आकड्यांची चिठ्ठी बांधून दादाच्या डिकीत ठेवला.